दहा हजारांत पुण्यात सहा महिने निघतात का?

प्रश्न पांढरकवड्याजवळच्या एका गावातल्या मुलीचा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. हिंजवडीतल्या एका कंपनीत जानेवारी ते जून अशी इंटर्नशिप लागली आहे, स्टायपेंड महिना 10,000 रुपये. घरी पाच एकर कोरडवाहू, त्यात पराटी (कापूस) आणि तूर. वडील विचारतात, "दहा हजारासाठी एवढ्या दूर काहून जायचं?" तिला स्वतःला तीन गोष्टींची धास्ती आहे: पैसे पुरतील का, तिथला दिवस कसा जातो, आणि आपलं बोलणं ऐकून ऑफिसात लोक हसतील का.

बेटा, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात 17 वर्षं ट्रेनिंग आणि प्लेसमेंटचं काम बघतो. दरवर्षी डिसेंबरात आमची पोरं-पोरी बॅगा भरून पुण्या-मुंबईला निघतात आणि जूनमध्ये परत येतात. त्यांच्याकडून जे ऐकलं, पाहिलं, आणि 2003 मध्ये मी स्वतः भोसरीत शिकाऊ म्हणून जे भोगलं, त्यावरून लिहितो.

सुरुवात बाबांच्या प्रश्नापासून करतो, कारण तो रास्त आहे. दहा हजार ही कमाई समजून जाणार असशील तर त्यांचंच बरोबर. खर्च वजा जाता हातात काही उरणार नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला 10,000 रुपयेच ठरवले होते, तेही आपल्या तालुक्याच्या ठिकाणी, घरची भाकर खाऊन. ती योजना शिक्षण संपल्यावरची आहे, तुझी इंटर्नशिप शिक्षणाचा भाग आहे, हा फरक आहेच. पण बाबांना सांगायचं कारण वेगळं आहे. तू जाते आहेस ते सहा महिने अनुभवी लोकांच्या शेजारी बसून काम शिकायला. मग ते काम खरंच मिळणार आहे का, हे जाण्याआधी विचारून घे. कोणत्या टीममध्ये घेणार, कोणाच्या हाताखाली, कशावर काम करायचं. एचआरला साधा मेल पाठव. "आल्यावर बघू" असं उत्तर आलं तर आठवड्यानं पुन्हा पाठव. तरीही काही कळलं नाही, किंवा काम नुसतं एक्सेलमध्ये आकडे भरण्याचं निघालं, तर मी स्वतः तुला नागपुरात मिहानमधल्या किंवा बुटीबोरीकडच्या कंपन्यांत बघायला सांगेन. पांढरकवड्याहून नागपूरला हायवे सरळ आहे, शनिवारी संध्याकाळी निघालीस तर रात्रीच्या जेवणाला घरी पोचशील. पुण्याचं नाव बायोडाटावर लागावं एवढ्यासाठी जाऊ नको.

आणि इंटर्नशिपसाठी जो कोणी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट असं काही मागेल त्याला एक रुपयाही द्यायचा नाही. दरवर्षी आमचं एखादं लेकरू यात फसतं आणि शरमेनं महिनाभर सांगत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा. लवकर कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिचा गोंधळ खूप आहे. अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिप आपल्याकडे एकच समजतात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. त्याखाली कंपनीशी रीतसर करार होतो, 2019 च्या नियमांप्रमाणे पदवीधराला किमान 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 रुपये ठरले होते, परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही आणि कामावर इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. शेवटच्या सेमिस्टरची साधी इंटर्नशिप या कायद्यात आपोआप बसत नाही. म्हणजे तुझ्या बाबतीत जे काही आहे ते ऑफर लेटरवर लिहिलेलं असेल तेवढंच. रक्कम, कालावधी, कामाच्या वेळा, सुट्ट्या आणि शेवटी सर्टिफिकेट मिळणार की नाही, या पाच गोष्टी त्यात आहेत का ते बघ. नसतील तर मागून घे.

आता पैशाचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आमची पोरं हुशारीत कधी कमी पडली नाहीत, पडली ती इथेच.

हिंजवडीच्या आसपास मारुंजी, माण, वाकड या भागात कॉट बेसिसवर राहायचं. कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत तीन-चार जणी, तुझा एक पलंग आणि एक कपाट. आमच्या मुली गेल्या दोन वर्षांत 4,000 च्या आगेमागे देत आल्या. मेस दोन वेळची 3,200 च्या आसपास. जाणं-येणं हजार, मोबाइल तीनशे, साबण-तेल-औषध-नाश्ता मिळून हजार. झाले साडेनऊ हजार. म्हणजे दहा हजारांत महिना निघतो, पण जेमतेम. सिनेमा नाही, दर महिन्याला घरी येणं नाही.

घोळ पहिल्या दोन महिन्यांत होतो. तू 5 जानेवारीला रुजू झालीस आणि कंपनीची हजेरी 20 तारखेला बंद होत असेल, तर पहिल्या वेळी सोळा दिवसांचेच पैसे येतात. बँकेच्या कागदात काही चूक निघाली तर तेही पुढच्या महिन्यावर जातात. खोलीवाला मात्र पहिल्याच दिवशी डिपॉझिट मागतो. म्हणून माझा हिशोब असा: डिपॉझिट 8,000, दोन महिन्यांचा खर्च 19,000, जाणं आणि गादी-बादली-चादर यांचे 3,000. एकूण 30,000 रुपये हातात असल्याशिवाय निघायचं नाही.

तीस हजार म्हणजे काय हे तुझ्या घरी सांगावं लागणार नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे पावणेचार क्विंटल कापूस. कोरडवाहू वावरात जवळपास एका एकराचं पीक. मी हे मुद्दाम असं मोजून सांगतो, म्हणजे बाबांशी बोलताना रक्कम लपवून, थोडी-थोडी करून मागायची वेळ येणार नाही. एकदाच सगळा आकडा सांग. जानेवारीत घरी कापूस आलेला असतो, तूरही काढणीला येते, तेव्हा हा आकडा ऐकणं जमतं. जूनमध्ये निघणाऱ्या पोरांची मला जास्त काळजी वाटते. तेव्हा घरातला प्रत्येक पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच पुण्यातून "पाच हजार पाठवा" असा फोन येतो. तुझी वेळ चांगली आहे, तिचा फायदा घे.

कागदांचं म्हणशील तर एक काम आजच कर. दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक, चारही शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडलांचं नावच नाही, असं सर्रास असतं. एका मुलाच्या नावात एक 'ए' जास्त होता, त्याचा स्टायपेंड पावणेतीन महिने अडकला. आधार दुरुस्तीचा अर्ज द्यायला गावाकडे एक दिवस लागतो, पुण्याहून त्याच कामासाठी यायचं म्हणजे दोन रात्री आणि दोन सुट्ट्या. खातंही तपास. साध्या बचत खात्यात दोन वर्षं व्यवहार नसेल तर बँक ते निष्क्रिय करते, आणि त्यात पैसे येऊन काढता येत नाहीत.

त्या मुलाची गोष्ट पूर्ण सांगतो. स्टायपेंड अडकला हे त्यानं घरी सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, आणि कंपनीतही एकदाच विचारलं. "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं, त्यावर तो गप्प बसला. मेसचे पैसे संपले तसं त्यानं एक वेळचं जेवण बंद केलं. सकाळी चहा-बिस्कीट, संध्याकाळी वडापाव. दीड महिना. आई रोज रात्री फोनवर विचारायची, "जेवला का रे?" आणि तो रोज "हो" म्हणायचा. शेवटी त्याच्या खोलीतल्या मुलानं मला फोन केला, "सर, हा जिन्यात बसलाय, उठवत नाहीये." मी कंपनीत फोन लावला तेव्हा कळलं की फाइल ज्या बाईंच्या टेबलावर होती त्यांना हा मुलगा उपाशी आहे हे माहीतच नव्हतं. त्यांना एक बँकेचं पत्र हवं होतं, एवढंच. चार दिवसांत पैसे आले. त्या बाईंनी मला विचारलं, "सर, तो मला परत का नाही भेटला?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी तोच होतो.

2003 मध्ये भोसरीतल्या एका कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागलो. तिसऱ्या आठवड्यात मला बुशांच्या, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या पोकळ नळकांड्यांच्या, तपासणीवर बसवलं. बाहेरचा व्यास 25 मिलिमीटर, अधिक-उणे 0.05 चालेल. हातात व्हर्नियर दिला, जबड्यात नग धरून माप घ्यायचं साधन. व्हर्नियर मला कॉलेजपासून येत होता, प्रॅक्टिकलमध्ये चांगले मार्कही होते. दिवसभर मी नग मोजले आणि लेथवरच्या कामगाराला "बरोबर, बरोबर" सांगत गेलो. त्याची सेटिंग माझ्या आकड्यावर चालली होती. त्या व्हर्नियरला झिरो एरर होता. जबडे पूर्ण मिटले तरी तो 0.06 दाखवायचा. शॉपमध्ये सगळ्यांना हे ठाऊक होतं, मागच्या बाजूला पिवळ्या टेपवर पेनानं तसं लिहिलेलंही होतं, पण घासून घासून अक्षरं गेली होती. मला टेप दिसली. त्यावर काय लिहिलंय असं मनात आलं. विचारावं की नाही, असंही मनात आलं. बाजूला तीन जुने कामगार होते, त्यांना वाटेल याला व्हर्नियरसुद्धा येत नाही, म्हणून नाही विचारलं. मी 25.00 वाचत होतो तेव्हा नग 24.94 होता. नग जाड झाला असता तर पुन्हा लेथवर घेता आला असता. बारीक झालेल्या नगाचं काही करता येत नाही. संध्याकाळी 110 नग भंगाराच्या पेटीत गेले.

सुपरवायझर ओरडले, ते विसरलो. त्या लेथवाल्या काकांनी मला बाहेर चहाला नेलं आणि म्हणाले, "तू टेपकडं बघत व्हतास, मी पायलं. मंग इचारलं का न्हाई?" ते आजही माझ्या कानात आहे.

विचारायची आपल्याला सवयच नसते. शाळेत प्रश्न विचारला तर गुरुजींना राग यायचा, घरी विचारलं तर "मोठ्यांच्या मधात बोलू नको." बँकेत, तलाठ्याकडे, दवाखान्यात आपले बाबा हात जोडून उभे राहतात हे आपण लहानपणापासून पाहतो. तीच सवय घेऊन आपण त्या काचेच्या इमारतीत शिरतो. मग शहरातलं पोरगं बिनधास्त विचारतं ते आगाऊपणाचं वाटतं, आणि आपण गप्प बसतो ते नम्रपणाचं. ऑफिसात मात्र गप्प बसलेल्याला काम कळलंय असं धरून लोक पुढे जातात. तुझ्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला हेच दिसतं, म्हणून एवढं लांबवलं.

मग विचारायचं कसं? कोडमध्ये अडलीस तर अर्धा तास स्वतः झटून बघ. त्या अर्ध्या तासात काय काय करून पाहिलं ते वहीत लिही. मग जाऊन सांग: मला हे करायचं आहे, मी असं आणि असं करून पाहिलं, ही एरर येते. एवढं सांगितल्यावर कोणताही सिनियर चिडत नाही, कारण अर्धं काम तू केलेलं असतं. मिळालेलं उत्तर तारीख टाकून त्याच वहीत उतरव. तेच दुसऱ्यांदा विचारायला जाणं लोकांना खपत नाही, नवं विचारणं खपतं. अशी भरलेली वही आमच्या एका मुलीनं परत आल्यावर मला दाखवली. 200 पानी, कव्हर फाटलेलं, पहिल्या पानावर ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड आणि मेसवाल्या काकूंचा नंबर, शेवटच्या पानांवर कोणत्या टेबलावरच्या कोणत्या माणसाला कशातलं येतं याची यादी. कॉलेजात तिला कधी सत्तरच्या वर टक्के पडले नव्हते. तिला त्याच कंपनीनं ठेवून घेतलं.

पहिले आठ-दहा दिवस बहुतेक रिकामे जातात, हेही सांगून ठेवतो. लॅपटॉप आलेला नसतो, आला तर लॉगिन चालू नसतं, ज्यांच्या हाताखाली टाकलंय ते रिलीजच्या गडबडीत असतात. आमची पोरं खुर्चीत अवघडून बसतात आणि रात्री फोन करतात, "सर, मला इथं कोणी विचारतच नाही." ते दिवस रागावण्यात घालवू नको. प्रोजेक्टचे जुने कागद वाचायला माग, टेस्टिंगवाल्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बस. सकाळच्या स्टँडअपला आत जाऊ देतील का, तेही विचार.

स्टँडअप म्हणजे रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळी टीम उभ्यानं बोलते. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. मुलींना सगळ्यात जास्त घाम याच पंधरा मिनिटांचा फुटतो. यावर माझा एकच उपाय आहे आणि तो चालतो. रात्री झोपण्याआधी उद्याची तीन वाक्यं लिहून काढ आणि मोठ्यानं पाच वेळा म्हण. तीनच वाक्यं. दोन महिन्यांत ती न लिहिता येतात. सगळं इंग्रजी सुधारायचा क्लास लावू नको, तेवढा वेळ आणि पैसा तुझ्याकडे नसेल.

बोलीबद्दल. हो, हसतील. आमची एक मुलगी वाकडच्या भाजीवालीला म्हणाली, "मावशी, दहाचा सांबार द्या." मावशीनं तिला समोरच्या इडलीवाल्याकडे पाठवलं. कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणत नाहीत हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. आपण "करून राह्यली", "येऊन राह्यला" म्हणतो त्यावर डब्याच्या वेळी एखादा नक्कल करेल. माझं मत स्पष्ट आहे: घरच्यांशी, मैत्रिणींशी, डब्यावर आपली वऱ्हाडीच बोल. ती चुकीची मराठी नाही, आपली मराठी आहे, आणि ती लपवायला लागलीस की हळूहळू बोलणंच बंद होतं. मी अशी पोरं पाहिली आहेत, तोंडातून "काहून" निघेल या भीतीनं मीटिंगमध्ये सहा महिने तोंड न उघडलेली. कामाच्या कागदात आणि मेलमध्ये साधी प्रमाण भाषा किंवा इंग्रजी वापर, बाकी जशी आहेस तशी राहा. नक्कल करणाऱ्याला एकदा शांतपणे सांग की मला हे आवडत नाही. बहुतेक जण थांबतात.

दिवस म्हणशील तर असा: सहाला उठणं, कारण चौघींत एक बाथरूम आणि त्या भागात पाण्याचे टँकर, उशीर केलास तर बादलीभर पाण्यावर भागवावं लागतं. आठला डबा घेऊन बाहेर. नऊ-साडेनऊला डेस्कवर. एकला डबा, साडेसहाला सुटणं, आठपर्यंत खोलीवर. अंतर कितीही कमी असलं तरी भूमकर चौकातला आणि वाकडच्या पुलाजवळचा सकाळ-संध्याकाळचा ट्रॅफिक तास-तास खातो. म्हणून खोली घेताना पाचशे रुपये जास्त गेले तरी चालत जाता येईल अशी बघ, आणि ऑफिस फेज 1 मध्ये आहे की 2 की 3 मध्ये, हे आधी विचार. "हिंजवडी" एवढ्यावर खोली घेतलेल्या मुली रोज दोन-दोन बसेस बदलतात. पुण्यात मेट्रो आहे एवढ्यावरून लांब राहायचं ठरवू नको, ती तुझ्या ऑफिसपर्यंत येते का ते आधी बघ. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी, हे दोन्ही मार्ग हिंजवडीत जात नाहीत.

जेवणाची आठवण येते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तिकडच्या आमटीत गूळ असतो. मेसचं वरण पातळ, भाजी गोडसर. घरून जवसाची चटणी, फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी आणि लाल मिरचीचा ठेचा एकेक डबा ने, त्यावर महिना जातो. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. त्या वेळेला हॉटेलात दीडशे रुपये घालवण्यापेक्षा खोलीतल्या मुलींनी मिळून खिचडी टाकावी. खोलीमालक इंडक्शन शेगडी चालवू देतो का, हे भाड्याची बोलणी करतानाच विचारायचं. घरची तुरीची डाळ दोन किलो सोबत असली तर त्या खिचडीला घरची चव येते, आणि खोलीतल्या सांगलीच्या, बीडच्या मुलींशी मैत्री याच खिचडीवर होते.

मुलगी म्हणून दोन गोष्टी आणखी. खोलीचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे. कॉट बेसिसवाले टाळाटाळ करतात. निदान डिपॉझिटची सही केलेली पावती आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं हे कागदावर घे, आणि पैसे रोख न देता खात्यावरून पाठव. दुसरं, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ट्रेनी आणि शिकाऊ यांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली हवीत. पहिल्या आठवड्यात तो फलक शोध आणि फोटो काढून ठेव. काम पडू नये, पण पडलं तर "मी तर इंटर्न, माझं कोण ऐकणार" असं म्हणून गप्प बसू नको. कायदा तुझं ऐकतो. उशिरापर्यंत थांबवलं तर परतीची गाडी कंपनी देते का हे विचारणंही तुझा हक्क आहे, त्यात उपकार मागितल्यासारखं काही नाही.

घरच्या फोनबद्दल. आई "जेवली का" विचारेल. नसशील जेवली तर "नाही" म्हण. मी आमच्या मुलांना हल्ली एक सांगतो: आठवड्यातून एकदा, रविवारी, घरी खरा हिशोब सांगायचा, किती आले, किती गेले, किती राहिले, तब्येत कशी आहे. बाकीचे सहा दिवस नुसत्या गप्पा. घरच्यांना त्रास नको म्हणून लपवलेली गोष्ट पुढे दुप्पट त्रास देते, हे मी त्या जिन्यात बसलेल्या मुलाच्या आईच्या तोंडावर पाहिलं आहे. तिनं मला एवढंच विचारलं, "सर, मी रोज विचारत होती ना?"

एप्रिल-मे लग्नसराईचे. मधात यायचं ठरलं तर रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच काढ. महाराष्ट्र एक्सप्रेस वेळ घेते पण धामणगावला सोडते, तिथून यवतमाळची बस मिळते. ट्रॅव्हल्सचं तिकीट लग्नाच्या तारखांना दुप्पट-तिप्पट होतं.

आता निघण्याचं. सोमवारी जॉइनिंग असेल तर बुधवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघ, रविवारी नको. रविवारी रात्री निघालेली पोरं सोमवारी सकाळी बॅग घेऊन थेट ऑफिसात पोचतात आणि पहिला दिवस डोळे मिटत काढतात. बाबांना सोबत ने. वेचणीचे दिवस आहेत, ते दोन दिवसांच्या वर थांबू शकणार नाहीत, तेवढे पुरतात. गुरुवारी दोघांनी मिळून खोली पक्की करा, मेसवाल्याकडे बसून एक वेळ जेवा, पावती घ्या. शुक्रवारी सकाळी बरोबर आठला, जशी तू सोमवारी निघणार तशीच, दोघं बसनं किंवा पायी ऑफिसपर्यंत जा आणि घड्याळ लावून किती वेळ लागतो ते बघा. गेटवरचा सिक्युरिटीवाला आत सोडणार नाही, पण इंटर्नची एंट्री कोणत्या दारानं, सोमवारी कोणते कागद लागतील, हे तो सांगतो. त्याला तू विचार, बाबांना विचारू देऊ नको. मग समोरच्या टपरीवर चहा घ्या. बाबांना त्या इमारती आणि गळ्यात कार्ड घालून आत जाणाऱ्या तुझ्या वयाच्या पोरी बघू दे. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं ते परत निघतील, शनिवारी दुपारपर्यंत वावरात असतील.

खोलीचा पत्ता आणि खोलीमालकाचा नंबर मला त्या रात्रीच पाठव. आणि 25 फेब्रुवारीपर्यंत पहिला स्टायपेंड आला नाही तर 26 ला मला फोन कर, मार्चमध्ये नको.